तीन पौंड

डंडीत, गोदीमागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही बावीस जण कानाला यंत्र लावून
संध्याकाळी साडेपाच ते नऊ
लोकांच्या जेवणात खडे टाकतो.

समोर कागद. आधी आभार. मग थांबा, दोन सेकंद.
मग वादळातल्या नावेची गोष्ट. मग आकडा.
आकडा सांगितल्यावर तोंड मिटायचं.
जो आधी बोलेल तो हरेल, असं लॉर्न शिकवतो.

मंगळवारी यादीत एकोणिसावं नाव:
मर्डो गिलीस, स्टॉर्नोवे.
दरमहा तीन पौंड, एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून.
एकदा चुकले नाहीत, एकदा वाढले नाहीत.
माझं काम तिनाचे आठ करणं.

फोन एका बाईने उचलला.
"मर्डो फेब्रुवारीत गेला. मी बहीण, इशबेल.
किती बुडवलेत त्याने तुमचे?"

बुडवले नाहीत, म्हटलं. देत होते.

"कोण? मर्डो?"
मागे किटली शिट्टी घालत होती,
ती तिने घालू दिली.
"अहो, तो कवडीचुंबक. चहाची पिशवी
दोरीला चिमटा लावून वाळवायचा, पुन्हा वापरायला.
कशासाठी देत होता?"

समुद्रात अडकलेल्यांना आणणाऱ्या बोटींसाठी.

"पण तो पाण्याला भ्यायचा.
एक्क्याऐंशी वर्षं बेटावर काढली, फेरीबोटीत पाय ठेवला नाही.
माझ्या लग्नालाही आला नाही, आणि मी चाळीस वर्षं
त्याला आहेराच्या पैशावरून बोल लावला."

इथे कागदाप्रमाणे मी गप्प राहायचं होतं.
राहिले. कागदामुळे नाही.

"महिन्याला किती म्हणालात?"
तीन.
"तीनच?" आणि ती हसली,
खूप वेळ, नाक ओढत ओढत.
"हां. मग तो मर्डोच."

मग विचारलं, तिनात येतं काय?
कागदावर दहाचे हातमोजे आहेत, चाळीसचा पट्टा,
पाचशेला खलाशाचे बूट नि पोशाख.
फूल ना फुलाची पाकळी, असं आम्ही सगळ्यांना म्हणतो,
पण पाकळीचा भाव कुठे छापलेला नाही.

मी म्हटलं, डिझेल.
धक्क्यापासून बंदराच्या तोंडापर्यंत.

"आणि पुढे?"

पुढे दुसऱ्या कुणाचे तीन.

"बरं," ती म्हणाली. किटली बंद झाली.
"मी नाही हं देणार. मला पोहता येतं."

पडद्यावर चौकटी चार:
होय. नाही. पुन्हा करा. मयत.
मयतवर खूण केली, तरी वरच्या कोपऱ्यात
आठाचा आकडा थोडा वेळ उघडझाप करत राहिला.

लॉर्न खुर्चीमागे आला. सगळं ऐकत होता.
"डिझेलचं कुठे लिहिलंय?"
कुठेच नाही.
"नऊ मिनिटं बारा सेकंद. जमा शून्य."
खरं होतं.

विसावं नाव लावलं. आधी आभार मानले.
मग थांबले,
दोन सेकंदांपेक्षा जरा जास्त.