काटा स्थिर होईस्तोवर

जिनिंगच्या गाडीकाट्यावर एकवीस वर्षं बसलोय.
ट्रक चढला की आकडे वेडे होतात,
खाली-वर, खाली-वर.
ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो, लिव्हा ना बाबू.
मी पेन उचलत नाही.
काटा स्थिर झाल्याशिवाय पावती फाडायची नाही,
एवढा एकच धर्म मी नीट पाळला.

आणि पहिल्या दिवशी कॅनॉलच्या रस्त्यावर
एकोणपन्नासाव्या वर्षी, पोराचे जुने बूट घालून,
बाभळीपासून असा सुटलो
की जणू मागे कुत्रं लागलंय.
पुलाच्या कठड्यावर पालथा पडलो.
कानात रेचाच रेचा फिरत होता.

रेशमा मडावी तिची चौथी फेरी सोडून थांबली.
पोलीस भरतीवाली. मनगट धरलं, दोन बोटं ठेवली.
अंगठा नाही लावाचा काका,
अंगठ्याले सोताची नाडी रायते.
पंधरा सेकंद. पंचेचाळीस. गुणिले चार.
"एकशे ऐंशी! कोनाच्या मयतीले चाल्ले होते?"

मग तिने सांगितलं ते एवढंच :
बोलता येईल इतकंच पया.
बोलनं तुटलं का चाला.
चालाची लाज नोका वाटू देऊ.

पहाटे साडेपाचला बोलणार कोणाशी?
टिटवी आपलंच लावून धरते.
म्हणून सतराचा पाढा.
सतरे एके सतरे, धुकं.
सतरे दुणे चौतीस, तुरीचा पिवळा बांध.
सतरे पंचे पंच्याऐंशीला शब्द फाटायचा,
तिथून चालायचं, पंच्याऐंशी पुन्हा सापडेपर्यंत.

लाज वाटायचीच.
देवतळ्यांची म्हातारी डोक्यावर सरपण घेऊन
पुढे निघून जायची, वर विचारायची,
पाय मुरगयला का रे?
दूधवाला मुद्दाम घंटी वाजवायचा.
मी पाढ्याला धरून राहिलो.
गाडीकाट्याला माणूस कळत नाही,
तो दहा-दहा किलोंनी मोजतो,
मी ब्याऐंशीचा की अठ्ठ्याहत्तरचा, त्याला सारखंच.
ही दोन बोटं मात्र एकेक ठोका मोजत होती,
आणि मला आधी त्याचीच भीती वाटली.

संक्रांतीनंतर कधीतरी
सतरे दाहे सत्तरासे पुलावर पूर्ण म्हणालो.
मोठ्याने. कुणी ऐकलं नाही.
मनगटावर चौतीस. गुणिले चार
मी मुद्दामच केलं नाही,
थोडा वेळ नुसतं चौतीस जवळ ठेवलं.

त्याच आठवड्यात रेशमा वर्ध्याहून आली.
आठशे मीटर. तीन सेकंद.
सकाळी कठड्यावर बसली होती, बूट काढून,
पायाचे अंगठे कॅनॉलच्या पाण्याकडे.
धावली नव्हती, तरी श्वास धावत होता.
काय बोलावं सुचेना,
तर मी तिचं मनगट मागितलं.
दोन बोटं. अंगठा नाही.
पंधरा सेकंदांत तीस,
मग पुन्हा मोजलं, बत्तीस.
म्हणाली, किती भरली काका? लिव्हा एकदाचे.

मी म्हटलं, काटा अजून हालतेय.

बोलण्यासारखं काही नव्हतं
म्हणून दोघं चालायला लागलो, बाभळीच्या दिशेने,
ती अनवाणी, बूट हातात.
अर्ध्या वाटेवर तिने विचारलं,
अठराचा येते का तुमाले?
मला अठराचा कधीच धड आला नाही.
अठरे चोक बहात्तर, मी म्हणालो,
आणि पंचेला अडलो.
ती म्हणाली, नव्वद.