मोजणी

नोटप्रेसमध्ये एकोणतीस वर्षं माझं काम एकच:
गड्डीत शंभर आहेत की नाहीत.
नव्व्याण्णव चालत नाहीत, एकशे एकही नाही.

तीच खोड घरी आली.
रात्री हे उताणे. घोरणं असं की शेजारचे आहेर
टीव्हीचा आवाज वाढवतात.
आणि मधेच काहीच नाही.
एक, दोन, तीन
अकरा
सतरा
छाती हलतेय, हवा नाही.
तिसाला कोपर मारायचं, हा माझा नियम.
बहुतेकदा त्याआधीच गोदेत बुडालेला वर यावा तसे
गुदमरून येतात, कूस बदलतात,
सकाळी म्हणतात, मस्त झोप झाली.

मस्त झोपलेला हा माणूस
द्वारकेच्या सिग्नलला स्कूटरवर पेंगला.
हिरवा झाला, पुन्हा लाल झाला.

डॉक्टर खैरनारांनी शिंप्यासारखी टेप काढली.
गळ्याचा घेर साडेसतरा इंच.
आ करा. पडजीभ काही दिसेना.
"घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, काका."
यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू मीच चुगली केली.
केलीच होती. वहीसकट.

मग शकील नावाच्या पोराने टाळूला, छातीला, पिंढरीला
वायरी चिकटवल्या. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी.
"अशी कुठे झोप येते?" म्हणाले, आणि पाच मिनिटांत घोरू लागले.
मी बाहेर बाकड्यावर.
पहिल्यांदाच माझ्याऐवजी कुणी रात्रपाळीला.

कागद आला. तासाला अडतीस वेळा.
माझ्या वहीत बावीस.
सोळा निसटले.
प्रेसमध्ये असं कधी झालं नाही.

वजन उतरवा, शनिवारचा पेग सोडा, कुशीवर झोपा,
आणि हे यंत्र. रोज. रोज म्हणजे रोज.
पहिला आठवडा मिशीखालून हवा फुसफुसायची,
रागाने मास्क पलंगाखाली जायचा.
शेवटी स्वतःच न्हाव्याकडे जाऊन आले.
लग्नातही न पाहिलेला वरचा ओठ
त्या दिवशी मी पाहिला. जरा पोरकट आहे.

आता खोलीत नुसती बारीक सळसळ.
नाशिकरोडहून जाणारी मालगाडी ऐकू येते,
ती इतकी वर्षं जातच असणार.
जाग येते ती शांततेनेच.
मास्कच्या छिद्रांपाशी तळहात धरते,
कोमट वारा लागतो, जातो, लागतो.
शंभर झाले की झोपायचं, ठरवते.
एकसष्टच्या पुढचं
आठवत नाही.