दहा-डब्ल्यू-चाळीस

नारिनच्या बाजारात, कंटेनर कापून केलेल्या दुकानात,
एर्मेकने चार डबे मांडले माझ्यापुढे,
स्थळं दाखवावीत तसे.
"हे जर्मन. हे कोरियन. हे रशियन, वासावरूनच कळेल.
आणि याचं कूळ-मूळ विचारू नका, एजे, स्वस्त आहे."

गाडी वडिलांची. उआझ, त्र्याऐंशी सालची,
रंग कधीकाळी हिरवा.
मी गुरांची डॉक्टर. कुठे गाय अडली
की रात्री-अपरात्री दोलोनचा घाट चढायचा तिनेच,
मी नुसतं चाक धरते.

मागच्या वर्षी मी थाटात सगळ्यात महाग तेल घातलं.
पूर्ण सिंथेटिक, निवळशंख.
नाकापेक्षा मोती जड, आई म्हणाली.
त्या तेलानं इंजिन आतून घासून-पुसून काढलं,
चाळीस वर्षांची काजळी, गाळ, सगळं,
आणि नवव्या दिवशी गाडी
जिथून-तिथून गळू लागली.

मुकाश बाइके गाडीखालून सरपटत बाहेर आले.
दाढीला तेल. हसत नव्हते.
"मळानंच धरून ठेवलं होतं तिला,
तू मळ काढलास."
मला त्यात भलताच अर्थ दिसला
(वडिलांचं कपाट मी त्याच आठवड्यात रिकामं केलं होतं),
पण ते फक्त क्रँकच्या मागच्या सीलबद्दल बोलत होते,
करंगळीएवढ्या जाडीच्या, दोराच्या.

म्हणून यंदा डोळ्यांत तेल घालून तेल वाचतेय.
मधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा.
त्याच्या आधीचा आकडा गारठ्यातला,
नंतरचा, इंजिन तापल्यावरचा.
म्हणजे हे किती थिजेल आणि किती पातळ होईल
ते डब्यावर आधीच छापलेलं असतं.
(एर्मेकच्या कपाळावर असं काही छापलेलं नाही.)

"पाच नको, गळेल.
पंधरा नको, जानेवारीत चरबीसारखं गोठेल.
आणि जस्त हवं. जुन्या कॅमला जस्त लागतं."
एर्मेक डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचतो,
ओठ हलवत, परीक्षेला बसल्यासारखा.

वडिलांना यातलं काही निवडावंच लागलं नाही.
सामूहिक शेतीच्या पिंपात असायचं ते तेल,
पिंपावर रंगवलेला एकच आकडा, आठ.
रात्री ते गरम असतानाच बादलीत काढून घ्यायचे,
घरात आणून चुलीजवळ ठेवायचे,
अवेळी जन्मलेल्या कोकरांच्या ओळीत.
आम्ही भावंडं त्याच वासात झोपायचो:
तेल, ओली लोकर, शेणीची धग.
पहाटे बादलीला हात लावून ते म्हणायचे,
"उठलं."

घेतलं शेवटी. दहा-डब्ल्यू-चाळीस, अर्ध-सिंथेटिक, सहा लिटर.
एर्मेकने एक सोमही कमी केला नाही,
नरसाळं मात्र फुकट दिलं.

परवा रात्री उणे सत्तावीस होतं.
मीही काढलं तेल बादलीत, ठेवलं चुलीपाशी.
मुलगी म्हणाली, शी, कसला वास.
पावणेचारला सारी-बुलाकहून फोन आला.

अंधारात, दातांत टॉर्च धरून,
नरसाळ्यातून ओतलं कोमट तेल,
सहा लिटरला जरा कमी. किल्ली फिरवली.
ती खोकली, कुरकुरली, लागली.
प्रेशरचा काटा शून्यावर.
मी मोजत राहिले. सात. आठ.
अकराला तो हलला.

वासरू उलटं होतं, मागचे पाय आधी.
जगलं.
घराची म्हातारी मला चहा देत होती
आणि मी खिडकीतून गाडीकडे बघत होते.

निघताना गाडी थोडी पुढे घेतली, उतरून पाहिलं.
बर्फावर एक काळा ठिपका,
पाच सोमच्या नाण्याएवढा.
तिथूनच मुकाश बाइकेंना फोन केला.
"एकच?"
"एकच."
"मग राहू दे."