मनातल्या मनात

पहाटे साडेपाचला डोयल उठतो,
कानातलं यंत्र चढवायच्या आधीच बोलू लागतो,
म्हणजे ओरडूनच.
अख्ख्या ट्रेलरला कळतं, आज टाकीत क्लोरीन घालायचंय.
अख्खा ट्रेलर म्हणजे मी,
आणि भिंतीतला कापूस पळवणारी एक खार.

छातीवर काळे बिल्ले.
त्याच्या बिल्ल्यावर एल्डर, माझ्या बिल्ल्यावर सिस्टर.
बावन्न वर्षं ज्याला डोयल म्हटलं
त्याला आता अठरा महिने चारचौघांत एल्डर हेगस्टेड म्हणायचं.
पहिल्या आठवड्यात मला हसूच फुटायचं,
वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला हाक मारतेय.

सेवेचं पत्र यायचं होतं तेव्हा
मी पातळ सुती झगे शिवून ठेवले होते.
घाना असेल, फिलिपिन्स असेल.
पत्रात निघालं आयडाहो,
घरापासून नव्वद मैल, डोंगरातली मुलींची छावणी,
चोवीस केबिन, एकतीस संडास.
डोयल म्हणाला, "पाईप तर पाईप."
गाई विकल्यापासून त्याचे हात
टेबलावर नुसते पडून असायचे,
कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

जूनमध्येही बर्फ.
वितळलं की फुटलेले नळ एकेक करून कबुली देतात.
मी टॉर्च धरते, तो चिखलात आडवा.
"डावीकडे," मी म्हणते.
"काय?"
"डावीकडे!"
डोंगर म्हणतो, डावीकडे.

मग बसमधून मुली येतात. दर सोमवारी नव्या.
दातांची तार संडासात पडते,
रात्री कुणाला अस्वल दिसतं, ते बहुधा झुडूप असतं,
एकदा मात्र नव्हतं.
एकीला घरची आठवण येते. मी तिला बटाटे सोलायला बसवते.
चाळीस बटाट्यांनंतर ती विचारते,
"तुम्हाला इथे कंटाळा नाही येत?"
येतो, मी म्हणते, बुधवारी.

ऑगस्टमध्ये हुकूम आला:
पलंगांवर कोरलेली नावं घासून काढा, रंग द्या.
डोयलनं घासली.
पन्नास वर्षांच्या मुली, भुशासारख्या, त्याच्या भुवयांवर.
मी सतरा नंबरच्या केबिनमध्ये झाडू घेऊन गेले तेव्हा
सगळं तपकिरी, चकचकीत,
फक्त वरच्या पलंगाची एक फळी तशीच.
त्यावर 'जॅन', आणि वेडंवाकडं एक फूल.

कुठलीही जॅन असेल.
आमची जॅनील इथे दोन उन्हाळे आली होती हे खरं.
नऊ वर्षं झाली, ती चर्चला येत नाही,
नाताळला फोन येतो, हवामानावर बोलतो आम्ही,
पोर्टलंडमध्ये पाऊस असतो.
मी विचारलं, "ती फळी?"
"रंग संपला," तो म्हणाला.
शेडमध्ये दोन डबे होते, झाकणही न उघडलेले.
मी झाडून घेतलं.

आता सप्टेंबर. अ‍ॅस्पेन पिवळे.
मुली नाहीत, बटाटे दोघांपुरते.
नळ्यांतलं पाणी हवेनं फुंकून काढायचं,
गाद्या उंदरांपासून टांगून ठेवायच्या,
एकतीस झाकणं बंद करायची. मी मोजते,
तो पुन्हा मोजतो, त्याची तीस भरतात.
अंधार पडेपर्यंत आम्ही एक संडास शोधत फिरतो.

रात्री त्याला गुडघ्यावर बसवत नाही,
उलट्या बादलीवर बसतो तो.
आधी दोघांची प्रार्थना, मोठ्यानं:
पंपासाठी, नातवंडांसाठी, ट्रकच्या क्लचसाठी.
आमेन.
मग कानातलं यंत्र काढून बशीत ठेवतो,
मान खाली घालतो,
आणि आणखी एक प्रार्थना करतो, मनातल्या मनात.

मनातल्या मनात, असं त्याला वाटतं.

मी पाठमोरी, भांडी पुसत असते.
कोरडं ताटही पुसत राहते,
त्याचं होईपर्यंत.