गाभ्याची पेटी

विट्यात, यंत्रमागांच्या खडखडाटावरच्या माडीत
आम्ही अकरा गलाईवाले बसलोय.
कोइमतूर, गुंटूर, कटक, सिलिगुडी,
हयातभर दुसऱ्यांचं सोनं आटवून परत आलेली माणसं.
मध्ये सतरंजीवर पत्र्याची पेटी,
पेटीत पाच खण, खणांत दगडाच्या कांड्या,
चुलीच्या फुंकणीएवढ्या जाड.
"हा गाभा," प्रज्ञा कोष्टी म्हणते,
आमच्याच गल्लीतली पोर, भूगर्भ शिकलेली.
"एकशे बेचाळीस मीटरवरचा."
उभा चिरलेला. अर्धा लॅबला गेला, अर्धा साक्षीला ठेवलाय.

मी हात लावला. गार.
सोनं मी आजवर लालबुंदच पाहिलेलं.

तिसऱ्या खणात नुसता लाकडाचा ठोकळा,
वर पेनानं लिहिलेलं: गाभा गहाळ, ऐंशी सेंटिमीटर.
"गहाळ म्हंजे?" दाजीराम बाबर उठतो,
ज्याच्या भट्टीवर गुंजभर घट आली तर
पोरांचे खिसे उलटे व्हायचे.
"खडक भुसभुशीत होता, काका. पाण्याबरोबर वाहून गेला.
गारेचा पट्टा नेमका तिथंच होता."
कोणी बोलत नाही.
खाली माग आपले विणतायत.

मग हिशेब.
हिऱ्याचं बीट चाळीस मीटरांत बोथट.
पाणी टँकरचं; एका भेगेत शिरलं ते वर आलंच नाही,
चार टँकर, बशीतल्या चहासारखे.
नळ्या अडकल्या, नऊ दिवस सुटेनात.
हारून मुजावर नळीला कान लावून बसायचा.
मिरजेचा गडी, आजा तंबोऱ्याच्या तारा लावायचा;
त्यालाच आधी कळलं
की भोक सरळ जात नाहीये,
जमिनीच्या मर्जीनं कलतंय.
लॅबात रांग. दोन महिने. नंतर एक कागद:
टनाला एक पूर्णांक दोन ग्रॅम, अर्ध्या मीटरात.

"टनाला?" तातोबा मुळीक हसला, ठसका लागेपर्यंत.
"अगं, सराफाची पायपुसणी जाळून
मी ह्याहून जास्त काढलंय."
"तिथं सोनं आधीच आलेलं होतं, आजोबा.
इथं ते आहे का, एवढंच विचारतोय आपण.
आणि विचारतोय सुईनं,
हत्तीच्या अंगात एक सुई टोचून."

दुसऱ्या भोकाला पैसे नाहीत.
नवे भाग काढायचे, नवी माणसं घ्यायची,
म्हणजे जुन्यांचा वाटा पातळ.
हे मात्र कुणाला समजवावं लागलं नाही.
तांबं पडणार. चोवीसचा अठरा होणार.

ह्या गावाखाली काळा पाषाण आहे, कोस न् कोस.
त्यात काही नाही म्हणून तर आमचे बाप
मूस आणि फुंकणी घेऊन मुलूखभर पांगले.
आता पोरांचे पैसे आम्ही
परमुलखातल्या भोकात सोडतोय.

हात वर करा, म्हणाली.
पाच झाले. दाजीरामचा वर गेला,
डोकं खाजवून खाली आला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी खिशातून कसोटी काढली, निव्वळ सवयीनं,
आणि गारेची एक चकती तिच्यावर ओढली.
दगडानं दगडाला घासलं.
काळ्यावर पांढरा ओरखडा; अंगठ्यानं पुसला, जाईना.

दहा म्हातारी डोकी वाकली त्यावर.
कुणी चष्मा लावला, कुणी काढला.
रेघेला रंग चढायला
थोडा वेळ लागतो, असं धरून.