उलटा वाय

देडझाच्या उतारावर एनेलेसी उन्हाआधी मक्यात शिरते.
पानांवर बारीक खिडक्या, पोंग्यात ओला भुसा:
म्हणजे आत कुणीतरी जेवतंय.

पंप फ्रेडसनकडे. औषध, तो म्हणतो,
मागच्याच हंगामात संपलं.
मग ती वाळूच सोडते पोंग्यापोंग्यात,
भाजीत मीठ टाकावं तशी, अंदाजानं.

तियामिकेनं एक अळी तळहातावर घेतली.
"आई, हिच्या कपाळावर वाय. उलटा."
कालच शिकलीय ते अक्षर, शाळेच्या झाडाखाली.
"तिच्या बाजूनं सरळ असेल," आई म्हणाली,
आणि हे बोलायला नको होतं असं तिला वाटलं.

बराच वेळ अळी चालत राहिली मनगटाकडे.
मग दोन बोटं मिटली.

हिरवं बोट कमरेच्या चितेंजेला पुसून
तियामिके पुढच्या सरीत गेली,
वाय, वाय, मोजत.