रेघ कुठे टेकते

नार्वात फेब्रुवारी. नदी गोठलेली, पलीकडे दुसरा देश.
मारिका उइबो थर्मासच्या झाकणात काळा चहा ओतते
आणि प्रोग्राम पुन्हा चालवते.

सूतगिरणी बंद पडली, झोप उडाली, मग हृदय.
दोन बाण. मधल्या चौकटीत झोप.
चारशे सहा कामगार, हजार फेरनिवडी;
संगणकाचा पंखा धापा टाकतो.
दुखण्याचा चाळीस टक्के भाग
झोपेच्या वाटेनं गेला, असं उत्तर येतं.
विभागप्रमुख म्हणाले होते, छान, छापू या.

पण कावळा बसला नि फांदी मोडली
एवढ्यावर तिचं भागत नाही.
फांदीत आधीच कीड असेल.
ती टिपायलाच कावळा आला असेल,
फांदीही तिनंच पोखरली असेल,
आणि आपण इतके दिवस
कावळ्याचं वजन करत बसलो असू.

कीड मोजलेली नाही. आता मोजता यायची नाही.
म्हणून ती धरून चालायची, तिला एक अक्षर द्यायचं: रो.
शून्यापासून वर, दशांशा-दशांशानं.
किती कीड निघाली तर आपलं म्हणणं मोडेल,
एवढंच विचारायचं.

पडद्यावर रेघ तिरपी उतरते,
दोन्ही अंगांना करडी सावली घेऊन.
शून्य दशांश दोनला सावली शून्याला शिवते.
तीनला रेघच टेकते.

तीन म्हणजे फार की थोडं?
प्रोग्राम गप्प. त्याचं काम झालं.

ती कपाटातून कागदी प्रश्नावल्या काढते.
क्रमांक दोनशे अठरा. नाव खोडलेलं. बाई, एकोणसाठ, कातणखातं.
झोप: तीन तास.
समासात पेन्सिलीनं, रशियनमध्ये, बारीक:
‘बाहेरचा दिवा मी मालवत नाही.
ल्योशाकडे किल्ली नाही.’

ल्योशा कोण, कधीपासून नाही,
गिरणीच्या आधी की नंतर,
याला रकाना नव्हता.
रकाने मारिकानंच आखले होते.

परिशिष्टात टाकायचं वाक्य
ती उचलून पहिल्या पानावर आणते.
खोडते. पुन्हा आणते.

दारात रखवालदार गेन्नादी, किल्ल्यांचा जुडगा हलवत:
अजून किती?
‘तीनपर्यंत तग धरेल,’ ती पडद्याकडे बघत म्हणते.

तो भिंतीवरचं घड्याळ बघतो. सव्वाअकरा.
काही न बोलता
किटलीत दोघांपुरतं पाणी भरतो.